बरोबरच्या खुणांची बेरीज

मोटारीच्या शोरूममध्ये फुकट मिळणारे माहितीपत्रक हा काही परीक्षणाचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण मध्यमवर्गीय घरांत ते जितक्या बारकाईने वाचले जाते, तितक्या बारकाईने हल्ली दुसरे कोणते छापील साहित्य वाचले जात असेल असे मला वाटत नाही. आम्ही राहतो त्या मीरा रोडच्या हाटकेश भागात हे विशेष जाणवते. इथला नोकरदार माणूस कामावर लोकलने जातो, स्टेशनपर्यंत रिक्षा नाहीतर बस. गाडी घेतो ती चाळिशीच्या आसपास, पाच-सात वर्षांचे कर्ज काढून. गणपतीला गावी जायला, वसई-विरारकडच्या नातेवाइकांकडे जायला, आईवडिलांना डॉक्टरांकडे न्यायला. असा खरेदीदार शोरूममधून आणलेले पत्रक महिनाभर उलटसुलट करतो आणि तरी त्याचा निर्णय होत नाही.

आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका शिक्षिकाबाईंनी असेच एक पत्रक माझ्यापुढे ठेवले. त्या आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतात. म्हणाल्या, “सर, बेस मॉडेल आणि टॉप मॉडेल यांत अडीच लाखांचा फरक आहे. यातलं खरोखर घेण्यासारखं काय, ते तुमच्या विज्ञानाने सांगा.” प्रश्न सरळ आहे. उत्तर तितके सरळ नाही, आणि त्याचे कारण गाडीत नसून पत्रकाच्या रचनेत आहे. म्हणून हे परीक्षण पत्रकाचेच.

पत्रकाची पहिली पाने डोंगर, समुद्र आणि हसरी कुटुंबे यांनी भरलेली असतात. ती सोडून द्यावीत. खरा मजकूर शेवटच्या पानावर, अगदी बारीक टाइपात असतो. उभ्या स्तंभांत गाडीची चार-पाच मॉडेले, आडव्या ओळींत साठ-सत्तर सोयी आणि प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण किंवा आडवी रेघ. डावीकडच्या स्तंभात रेघा जास्त, उजवीकडे सरकावे तशा खुणा वाढत जातात. वाचणाऱ्याचा डोळा आपोआप बेरीज करतो : याला बावीस, त्याला अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीसवाली गाडी अर्थातच ‘भरपूर’ वाटते.

शिक्षकांना यातला दोष सांगायला नको. पाच मीटर आणि तीन किलोग्रॅम मिळून आठ होतात असे विद्यार्थ्याने लिहिले तर आपण गुण देत नाही. इथे मात्र सनरूफला एक खूण, सहा एअरबॅगांना एक खूण, गिअरच्या दांड्याच्या मुठीला चामड्याचे वेष्टण म्हणून एक खूण, आणि मागच्या मधल्या आसनाला तीन बिंदूंचा पट्टा म्हणूनही एकच खूण. यांतल्या एका गोष्टीचा उपयोग रोज होतो, दुसरीचा आयुष्यात एकदाच होईल आणि तेव्हा जीव वाचेल, तिसरीचा कधीच नाही. तक्ता हा भेद पुसून टाकतो. तो चुकीचे काही सांगत नाही. प्रत्येक खूण खरीच असते. चूक आहे ती मोजमापाच्या एककाची.

म्हणून प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारावेत. ही वस्तू कोणती भौतिक राशी बदलते, आणि किती? आणि ती आज घेतली नाही तर नंतर बसवता येईल का? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. मागचा कॅमेरा, स्पीकर, चटया, समोरचे धुक्याचे दिवे हे सगळे पुढे केव्हाही चांगल्या कारागिराकडून बसवून घेता येते. एअरबॅग, स्थिरता राखणारी ब्रेकप्रणाली, गाडीच्या सांगाड्याची मजबुती या गोष्टी कारखान्यातून येतात, किंवा येतच नाहीत.

या तक्त्याने काय होऊ शकते याचा एक नोंदलेला दाखला आहे. जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या टकरीच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय-१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवागन पोलो. सगळी मॉडेले बिनएअरबॅगेची, म्हणजे तक्त्याच्या डावीकडच्या स्तंभातली. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडीचा समोरचा काही भाग अडथळ्यावर आदळवला गेला. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. मग दोन एअरबॅगा असलेली पोलो तशीच आदळवली. तिला चार तारे मिळाले. त्याच नावाची गाडी, तोच आकार, आणि फरक तक्त्यातल्या एका ओळीचा. त्या कंपनीने नंतर बिनएअरबॅगेचे मॉडेल भारतात विकणे थांबवले.

या चाचणीतला दुसरा निष्कर्ष वर्तमानपत्रांत फारसा आला नाही, पण शिकवण्याच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. पोलो आणि फिगो यांचा सांगाडा टकरीनंतर बराचसा टिकून राहिला होता. उरलेल्या तिघींचा कोसळला. सांगाडाच कोसळत असेल तर एअरबॅग घालून विशेष उपयोग होत नाही, कारण पिशवी उघडायला जी मोकळी जागा लागते तीच नाहीशी होते. सांगाड्याची मजबुती मात्र कुठल्याच तक्त्यात ओळ म्हणून छापलेली नसते. सर्वांत महत्त्वाची राशी आणि तिला चौकटच नाही! १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपल्याकडची ताऱ्यांची पद्धत सुरू झाली आहे. ती ऐच्छिक असली तरी तिच्यामुळे ही उणीव काहीशी भरून निघते. फक्त तारे नेमक्या कोणत्या मॉडेलला मिळाले, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे.

आकडेमोड करून पाहू, वर्गात फळ्यावर करता येईल अशीच. ताशी ६४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १७.८ मीटर. इतका वेग वरून पडणाऱ्या वस्तूला किती उंचीवरून पडल्यावर येतो? v² = 2gh या सूत्राने उत्तर येते १६ मीटर, म्हणजे साधारण पाचव्या मजल्याची उंची. आपल्या भागात पाचव्या मजल्याच्या गॅलरीचा कठडा कमी उंचीचा असेल तर आपण तक्रार करतो. पण तेवढ्याच वेगाने, पट्टा न लावता, महामार्गावर बिनधास्त बसतो. आता हा वेग शून्यावर किती अंतरात येतो ते पाहा. बॉनेटचा भाग चेपला जाणे, पट्ट्याचे किंचित ताणले जाणे आणि एअरबॅगेचे दबणे मिळून छातीला थांबायला समजा ८० सेंटिमीटर मिळाले. मग ऋण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे वीसपट येते. हे सोसणे कठीण, पण शक्य असते. पट्टा नसेल तर गाडी थांबली तरी माणूस जडत्वाने पुढे जातच राहतो आणि डॅशबोर्डवर किंवा पुढच्या आसनाच्या पाठीवर आदळून पाच सेंटिमीटरमध्ये थांबतो. अंतर सोळाव्या भागावर आले, म्हणजे त्वरण सोळापट झाले : गुरुत्वत्वरणाच्या तीनशेपटीहून अधिक. एअरबॅग, पट्टा आणि चेपणारे बॉनेट या तिघांचेही काम एकच आहे, थांबायला अंतर मिळवून देणे. ऊर्जा तर तेवढीच राहते. ६० किलो वजनाच्या माणसाची या वेगाची गतिज ऊर्जा साडेनऊ हजार ज्यूल भरते, आणि ती कुठे तरी खर्च व्हावीच लागते.

यातूनच हेही समजेल की एअरबॅग हा पट्ट्याला पर्याय नव्हे. पिशवी सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागात फुगते. पूर्वी तिच्यासाठी सोडियम अझाइडचे विघटन करून नायट्रोजन मिळवत, आता अधिक सुरक्षित रसायने वापरतात. पट्टा नसलेला माणूस त्या क्षणी आधीच पुढे झेपावलेला असतो, आणि फुगणारी पिशवीच त्याच्यावर आदळते.

हाटकेशहून काशीमिऱ्याला हमरस्त्याला लागून उत्तरेकडे निघाले की दीड-दोन तासांत पालघर जिल्ह्यातले चारोटी लागते. तिथल्या सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्याला धडकली. गाडी महागडी, सर्व सोयींनी युक्त अशी होती; तिच्या तक्त्यात आडव्या रेघा शोधूनही सापडल्या नसत्या. पुढच्या आसनांवरचे दोघे गंभीर जखमी झाले पण वाचले. मिस्त्री आणि त्यांच्या शेजारचे सहप्रवासी असे मागचे दोघे दगावले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या प्रवाशांनी पट्टा लावावा हा नियम आपल्याकडे त्याआधीही होता. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी त्याची अंमलबजावणी १ नोव्हेंबर २०२२ पासून हाती घेतली. म्हणून बाईंना मी तक्त्यातली पहिली खूण शोधायला सांगितली ती मागच्या आसनांच्या ओळीतली : मधल्या प्रवाशालाही तीन बिंदूंचा पट्टा आहे का, त्याच्या डोक्यामागे आधार आहे का, लहान मुलाची खुर्ची अडकवायचे आयसोफिक्सचे हुक आहेत का, मागच्या पट्ट्याची आठवण करून देणारी घंटी आहे का. या ओळी पानावर जिथे असतात तिथे भिंग घेऊनच जावे लागते. आईवडील आणि मुले मागेच बसतात, हे पत्रक लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल असे नाही.

एबीएस आणि ईएससी ही दोन आद्याक्षरी नावेही अशीच. यांतले पहिले आता सर्व नव्या मोटारींत असते, पण ते काय करते याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. गाडी लवकर थांबते ती एबीएसमुळे, असे विक्रेते सांगतात. कोरड्या डांबरावर थोडाफार फरक पडतो, खडीवर उलट अंतर वाढूही शकते. त्याचा खरा गुण दुसरा आहे. टायर आणि रस्ता यांमधले घर्षण हा महिन्याच्या ठरावीक पगारासारखा असतो. तो ब्रेकवर खर्च करा किंवा वळण्यावर. दोन्ही बलांची सदिश बेरीज त्या मर्यादेबाहेर जाऊ शकत नाही. घाबरून ब्रेक पूर्ण दाबला की चाक फिरायचे थांबते आणि घसरू लागते. घसरणाऱ्या चाकाला दिशा नसते. स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर जाते. एबीएस ब्रेकचा दाब सेकंदात अनेकदा सोडते व धरते, त्यामुळे चाक फिरत राहते आणि वळायला काही घर्षण शिल्लक उरते. समोर अचानक आलेल्या माणसाला वळसा घालता येतो, हा त्याचा अर्थ. मर्सिडीजच्या एका गाडीत बॉश कंपनीने हे तंत्र १९७८ साली आणले.

ईएससी म्हणजे त्याच्या पुढचे पाऊल. गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते आहे हे एक संवेदक मोजतो, स्टिअरिंग किती फिरवले आहे हे दुसरा सांगतो. दोन्ही जुळले नाहीत, म्हणजे गाडी चालकाच्या इच्छेपेक्षा जास्त किंवा कमी वळत असेल, तर एखाद्याच चाकाला ब्रेक लावून तिला ताळ्यावर आणले जाते. हे काम माणसाला करताच येत नाही, कारण त्याच्या पायाखाली चार चाकांना मिळून एकच ब्रेक असतो. काशीमिऱ्याहून ठाण्याकडे जाताना गायमुखचा घाट लागतो. जूनच्या पहिल्या पावसात, धूळ आणि तेल यांचा पातळ चिखल झालेल्या वळणावर ही सोय काय आहे ते समजते. एबीएसची यंत्रणा असतेच, तिला काही संवेदक आणि संगणकाची आज्ञावली जोडायची असते. नंतर मात्र बाहेर बसवून घेता येत नाही. ही ओळ सनरूफच्या ओळीपेक्षा कितीतरी वजनदार आहे असे माझे ठाम मत आहे.

इथे ‘ऐच्छिक’ या शब्दाकडे जरा पाहायला हवे. डावीकडचा बाहेरचा आरसा ही आपल्याकडे कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षे वरच्या मॉडेलची चैन होती. एबीएस एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या प्रवासी मोटारींना सक्तीचे झाले. त्याच वर्षी १ जुलैपासून चालकासाठी एअरबॅग, पुढच्या दोघांच्या पट्ट्यांची घंटी, वेग ८० च्या वर गेल्यावर वाजणारा इशारा आणि मागे जाताना अडथळा दाखवणारे संवेदक सक्तीचे झाले. शेजारच्या प्रवाशाची एअरबॅग २०२१ अखेर आली. सहा एअरबॅगांचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, मुदत पुढे ढकलली गेली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ही सक्ती करणार नसल्याचे सांगितले. म्हणजे कालची चैन आज कायदा होते, कधी होता होता राहते. या काळात भौतिकशास्त्राचे नियम बदललेले नाहीत. २०१८ सालच्या ग्राहकाची छातीही २०२१ सालच्या ग्राहकाइतकीच मऊ होती. ‘ऐच्छिक’ ही वस्तूची जात नसून तो तेवढ्यापुरता विक्रीचा निर्णय असतो, आणि तक्ता मात्र तो निसर्गनियमासारखा मांडतो.

पत्रकावरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप बांधणीबद्दल आहे. सोयी सुट्या मिळत नाहीत, जुड्या करून मिळतात. जीव वाचवणारी वस्तू बहुधा दिखाऊ वस्तूंच्या जुडीत बांधलेली असते. ईएससी हवे तर सनरूफ आणि मोठा पडदाही घ्या. कारखान्याच्या सोयीसाठी मॉडेलांची संख्या कमी ठेवावी लागते हे मान्य. पण जुडी कशाबरोबर कशाची बांधायची हे कारखान्याची यंत्रे ठरवत नाहीत. ज्याला परवडत नाही त्याने काय सोडायचे, हे ठरवणारा माणूस तक्त्याच्या पलीकडे बसलेला असतो. अलीकडे काही कंपन्या सहा एअरबॅगा आणि ईएससी अगदी खालच्या मॉडेलपासून देऊ लागल्या आहेत. अशी गाडी मिळत असेल तर प्रश्न बराच सोपा होतो : खालचे किंवा त्याच्या वरचे मॉडेल घ्यावे आणि वाचलेल्या पैशांत कर्ज कमी करावे.

आता सनरूफ. त्याच्यावर विज्ञानाच्या नावाने अन्यायही होऊ नये. गाडी तापते म्हणून ते नको, असे म्हणतात. एप्रिलच्या भर दुपारी दर चौरस मीटरला साधारण ९०० वॉट ऊन पडते. छतभर पसरलेली काच एक चौरस मीटरची धरली आणि गडद काचेतून चौथा हिस्सा आत आला असे मानले, तर सव्वादोनशे वॉट होतात. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे दोन जादा प्रवासी बसवल्याइतकी भर. एसीला ती जाणवते, पण झेपते. लहान सनरूफची भर एका माणसाहूनही कमी. खरे आक्षेप वेगळेच आहेत. काच, रूळ आणि मोटर यांचे वजन गाडीच्या सर्वांत उंच भागी बसते, त्यामुळे गुरुत्वमध्य थोडा वर जातो. काचेभोवतीच्या पन्हळीतले पाणी बारीक नळ्यांतून खाली सोडलेले असते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत त्या नळ्या पाने आणि मातीने तुंबतात आणि जुलैत पाणी छतातून आत उतरते. आणि त्या भोकातून मुलांना उभे करून हवा खाऊ घालण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्याविषयी वरचा सोळा मीटरचा हिशेब पुन्हा वाचावा.

ज्या शहरात वर्षातले चार महिने पावसाचे, तिथे मागच्या काचेचा वायपर आणि काच गरम करणाऱ्या तारा या दोन ओळी सनरूफच्या वर हव्यात. डिक्की नसलेल्या, पाठ सरळ कापलेल्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडवलेला चिखल उलटा फिरून मागच्या काचेवर बसतो. डिक्कीवाल्या गाडीत हे कमी होते, म्हणून तिला मागे वायपर नसला तरी चालते. तारांचे काम निराळे. जुलैत बाहेर २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. गाडीत चार माणसे ओल्या छत्र्यांसह बसली, प्रत्येकाच्या श्वासाघामातून तासाला तीस-चाळीस ग्रॅम वाफ मिळाली आणि एसी बंद असला की आतल्या हवेचा दवबिंदू काचेच्या तापमानाच्या वर जातो व काच आतून धुरकटते. तारांतून १२ व्होल्टला दहा-बारा अँपिअर प्रवाह गेला की १२० ते १४४ वॉटमध्ये काच काही अंशांनी तापते आणि दोन-चार मिनिटांत मोकळी होते. दहावीच्या पुस्तकातली विद्युतधारेची उष्णता आणि आर्द्रता एकाच काचेवर! एसी चालू असेल तर उलटे घडते : काच थंड पडून बाहेरून धुरकटते, आणि त्याला वायपर लागतो.

धुक्याच्या दिव्यांचे एक मिथक वर्गातही शिकवले जाते. पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त, म्हणून त्याचे विकिरण कमी, म्हणून तो धुके भेदतो, असे म्हणतात. आकाश निळे का दिसते याचे हे स्पष्टीकरण हवेच्या रेणूंना लागू पडते, कारण ते तरंगलांबीपेक्षा फारच लहान असतात. धुक्याचा थेंब मायक्रोमीटरांत मोजतात. तो तरंगलांबीच्या दहा-वीसपट मोठा असतो, आणि इतका मोठा थेंब सर्व रंगांचे विकिरण जवळजवळ सारखेच करतो. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळे दिवे सक्तीचे होते, तरी तिथल्या धुक्याने त्यांना काही सवलत दिली नाही. धुक्याच्या दिव्याचा गुण त्याच्या जागेत आहे. तो खाली बसवलेला असतो आणि झोत आडवा, पसरट व वरून कापलेला असतो, त्यामुळे चालकाच्या डोळ्यांसमोरच्या धुक्यावरून प्रकाश परत फिरत नाही. पावसाळ्यात आंबोलीला किंवा कसाऱ्याला जाणाऱ्याने घ्यावा. तोही नंतर बसवता येतो.

मोठ्या पडद्याबद्दल थोडक्यात. पंख्याचा वेग बदलायला पूर्वी एक गोल बटण असे आणि हाताला ते न पाहता सापडे. आता पडद्यावर बोट ठेवायचे तर पाहावे लागते. ताशी ६० वेगाला दोन सेकंद नजर हलली की गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. अलॉय चाकांबद्दलही फार लिहिण्यासारखे नाही : दिसतात चांगली, पण खड्ड्यात आदळल्यावर पोलादी चाक वाकते आणि ठोकून सरळ होते, अलॉयला तडा जातो. मीरा-भाईंदर रस्त्यावर मेट्रोच्या खांबांखालून रोज जाणाऱ्याला हे मी काय सांगावे?

पत्रक संपले की शोरूममध्ये दुसरा कागद पुढे येतो, अ‍ॅक्सेसरीजचा. पहिल्या कागदात निदान प्रत्येक खुणेला काही वस्तू असते. ‘टेफ्लॉन कोटिंग’ घ्या. टेफ्लॉन ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, आणि तव्यावर ते चिकटवायला भट्टीत तेवढेच किंवा अधिक तापवावे लागते. रंगवलेल्या गाडीवर फडक्याने चोळून ते रंगाला बिलगत नाही. चमक येते ती मेणाची, दोन-चार धुण्यांपुरती. टायरमध्ये नायट्रोजन भरल्याने दाब वाढत नाही, असेही सांगतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. ३० अंशांना ३३ पौंड दाब भरलेला टायर ६० अंशांपर्यंत तापला तर, बाहेरच्या हवेचा १४.७ पौंड दाब धरून हिशेब केला की, दाब पावणेपाच पौंडांनी वाढतो. हा नियम दोन्ही वायूंना सारखाच लागू आहे. ऑक्सिजन रबरातून थोडा लवकर झिरपतो एवढाच खरा फरक. महिन्यातून एकदा दाब तपासला की तो मिटतो.

काही अ‍ॅक्सेसरीज निरुपयोगी असतात तेवढ्यावर भागत नाही, त्या घातकही असतात. पुढे लावायचा पोलादी क्रॅश गार्ड बॉनेटला चेपू देत नाही, धक्का थेट चासीला पोचवतो आणि एअरबॅगेच्या संवेदकाचा अंदाज चुकवू शकतो. पादचाऱ्याचे तर विचारूच नये. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड बेकायदा असल्याचे कळवले, तरी ते बाजारात दिसतात. जाड सीट कव्हरचेही तसेच. बाजूची एअरबॅग पुष्कळ गाड्यांत आसनाच्या कडेला शिवणीआड असते आणि ती शिवण फाडूनच बाहेर येते. तिच्यावर घट्ट कव्हर चढवले की अडीच लाख जादा देऊन घेतलेली खूण दोन-चार हजारांत पुसली जाते. आणि हे दोन्ही व्यवहार कधी कधी एकाच टेबलावर, एकाच दिवशी होतात.

बाईंनी शेवटी नवी गाडी घ्यायचा बेत पुढे ढकलला आणि जुनी पाहायचे ठरवले. शिक्षकांपैकी पुष्कळजण हेच करतात, म्हणून त्याविषयी लिहिणे आवश्यक आहे. जुन्या गाडीला कायद्याचे संरक्षण मागे जाऊन मिळत नाही. २०१६ सालचे बेस मॉडेल आजही एबीएस आणि एअरबॅगेविना रस्त्यावर आहे, आणि त्याच वर्षीच्या वरच्या मॉडेलपेक्षा त्याची किंमत थोडीच कमी असते. नव्या गाडीत अडीच लाखांना पडणारा फरक आठ-दहा वर्षांनी बराच उतरलेला असतो, तेव्हा इथे वरचे मॉडेल घेणेच शहाणपणाचे. मागच्या दारावरच्या अक्षरांवर विसंबू नये, ती कुठेही विकत मिळतात. नोंदणी प्रमाणपत्रात बहुधा मॉडेलचे पूर्ण नाव असते, ते पाहावे. स्टिअरिंगच्या मधोमध ‘एसआरएस’ किंवा ‘एअरबॅग’ असे कोरलेले असते. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगेचा लाल आणि एबीएसचा पिवळा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागून राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे. मुळीच लागला नाही तर ती यंत्रणा नाही, किंवा पूर्वीच्या अपघातात पिशवी उघडली होती आणि नवी बसवण्याऐवजी कोणी दिवाच काढून टाकला आहे. सौदा ठरण्यापूर्वी गाडी मेकॅनिककडे न्यावी, आणि हे दोन दिवे त्याला सांगून तपासून घ्यावेत.